आम्ल तेवढंच, अस्तर गेलं: पोट स्वतःलाच का पचवत नाही?

सांजवात

लिहू की नको असं आठवडाभर चाललं होतं. लिहितेच.

आईचं वय ७१, गुडघे धरलेले. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी पाच दिवसांसाठी लिहून दिलेली दुखण्यावरची गोळी ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून 'नेहमीची द्या' म्हणून आणत राहिली. शिवाय हृदयासाठी ७५ची ॲस्पिरिन रोज. पोट कधी म्हणजे कधी दुखलं नाही. ठेचा खाते, शिळी भाकरी खाते, तिच्या पोटाचा आम्हा सगळ्यांना दाखला दिला जातो.

दिवाळीत चकल्या पाडता पाडता सोऱ्या हातात असतानाच ती खाली बसली. ओठ पांढरेफटक. मग हळूहळू कळलं की महिनाभर शी डांबरासारखी काळी आणि चिकट होत होती, आणि तिला ते कुणाला सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. हिमोग्लोबिन ६.८. दोन पिशव्या रक्त चढवलं, दुसऱ्या दिवशी दुर्बीण घातली. जठरात दोन जखमा, त्यातली एक रुपयाच्या नाण्याएवढी.

मी डॉक्टरांना विचारलं, "ॲसिड एवढं कसं काय वाढलं?" ते हात धुता धुता म्हणाले, "वाढलेलं नाहीये हो. ॲसिड तेवढंच आहे. अस्तर गेलंय." आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

आता आई घरी आहे, मऊ भात खाते आणि कुरकुरते. माझ्या डोक्यातून ते वाक्य जात नाही. अस्तर म्हणजे काय, कोटाला असतं तसं? मटण विरघळवणारी पिशवी स्वतः का विरघळत नाही? शाळेत 'जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते' हे पाठ करून गुण मिळवले. हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

गावठी_बटाटा

काळजी घ्या आईंची. सकाळी अनशापोटी थंड दूध सुरू करा, साखर न घालता. आमच्याकडे आजोबांपासून हाच उपाय. पित्त जागच्या जागी बसतं.

अर्धशिशी_डॉक्टर

बटाटेराव, दुधावर नंतर येतो, तुम्ही कुठे जाऊ नका.

सांजवात, तुमच्या डॉक्टरांनी घाईत लाखमोलाचं सांगितलं. आधी शत्रू किती तगडा ते बघा. जठरातल्या ग्रंथींतून ताजं आम्ल बाहेर पडतं तेव्हा त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल तीव्र) एकाच्याही खाली असतो. रक्ताचा ७.४. म्हणजे रक्तात हायड्रोजन आयन (आम्लाला आम्लपण देणारे कण) जेवढे, त्याच्या तीस लाखांहून जास्त पटीने दाट ते बाहेर ढकलायचे. शरीरात इतका चढ दुसरीकडे कुठे चढवावा लागत नाही. आणि असा रस दिवसाला दीड-दोन लिटर.

याच्या समोर पहिला थर आहे शेंबडासारख्या चिकट पदार्थाचा. ऐकायला घाण वाटेल, पण शब्द तोच बरोबर, नाकातला आणि पोटातला श्लेष्म एकाच कुळातला. ९५ टक्के पाणी, उरलेल्यात म्युसिन नावाची लांबलचक, साखरेचे झुपके लागलेली प्रथिनं. हा थर अर्ध्या मिलिमीटरच्या आतच असतो. आणि नुसता हा थर आम्ल अडवू शकत नाही! त्यातून आम्ल झिरपतंच. खरी गंमत अशी की खालच्या पेशी या थरात बायकार्बोनेट सोडत राहतात, आपल्या खायच्या सोड्यात असतं तेच. वरून आम्ल झिरपतं, खालून सोडा वर येतो, दोघं मध्येच गाठ पडून एकमेकांना संपवतात. श्लेष्माचं काम एवढंच की ही मारामारी ढवळली जाऊ नये, जागच्या जागी व्हावी. त्यामुळे थराच्या वरच्या अंगाला पीएच दोन आणि पेशीला टेकतो तिथे जवळजवळ सात. अर्ध्या मिलिमीटरच्या आत लिंबाच्या रसापासून साध्या पाण्यापर्यंतचा प्रवास.

पेप्सिन हे प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम). ते रेणूने मोठं, या जाळीतून खाली सहज शिरत नाही. ते वरून श्लेष्मच कुरतडत बसतं. कुरतडू दे, खालून नवा येतोय.

बायकार्बोनेट येतो कुठून हे मला अजूनही वाचताना मजा देतं. आम्ल तयार करणारी पेशी एक हायड्रोजन आयन पोटात सोडते तेव्हा एक बायकार्बोनेट मागच्या दाराने रक्तात सोडते. ते रक्त केशवाहिन्यांतून वर, नेमकं पृष्ठभागाच्या पेशींपाशी जातं. म्हणजे ज्या भट्टीत आम्ल बनतं तिच्याच उरलेल्या मालातून उतारा तयार होतो, आणि आम्ल जास्त बनलं की उताराही जास्त.

दुसरा थर पेशींचा. एकमेकींना घट्ट शिवलेल्या, वरून किंचित स्निग्ध, पाणी फारसं धरत नाहीत. आणि त्यांचं आयुष्य तीन ते पाच दिवसांचं. आज तुम्ही जेवलात ते ज्या अस्तरावर पडलं, ते पुढच्या आठवड्यात नसेल. बारीक खरचटलं तर नवी पेशी बनेपर्यंतही थांबत नाहीत, शेजारच्या पेशी चपट्या होऊन सरकतात आणि उघडी जागा झाकतात. काही मिनिटांत सुरू होतं हे.

आणि या सगळ्याचा मुकादम आहे प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन. श्लेष्म किती, सोडा किती, रक्त किती सोडायचं, आम्ल जरा आवरा, हे सगळे हुकूम त्याचे. गुडघ्यात सूज आणि ठणका आणतं तेही प्रोस्टाग्लँडिनच. दुखण्यावरची गोळी हे बनवणारं विकर बंद पाडते. गोळीला गुडघा आणि जठर यातला फरक कळत नाही. हे १९७१ साली ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी दाखवलं, प्रोस्टाग्लँडिनवरच्याच कामासाठी १९८२चं नोबेल त्यांना वाटून मिळालं.

आईंच्या बाबतीत दोन वर्षं मुकादमच कामावर नव्हता.

सांजवात

हा प्रतिसाद दोनदा वाचला, आईला मोठ्याने वाचूनही दाखवला. 'शेंबूड' शब्दावर तिने नाक मुरडलं.

पण ती म्हणते, "मी गोळी कधी उपाशीपोटी घेतली नाही, नेहमी दोन घास खाऊन." मग?

अर्धशिशी_डॉक्टर

दोन घासांनी गोळी अस्तराला थेट चिकटून होणारी चुरचुर कमी होते, बस. मुख्य नुकसान गोळी रक्तात जाऊन, रक्तावाटे अस्तरापर्यंत पोचून करते. म्हणूनच आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाची गोळी घेतली किंवा कमरेत इंजेक्शन टोचलं तरी अल्सर होऊ शकतो. 'खाऊन घेतली म्हणजे काही होत नाही' या समजुतीने किती हिमोग्लोबिनं खाली आणली आहेत ते विचारू नका.

रसायनवाला

निवृत्त मास्तर, रत्नागिरी. डॉक्टरांनी शरीर सांगितलं, मी भांड्यांवर येतो.

आमच्या लहानपणी पितळेच्या पातेल्याला कल्हई नसेल आणि त्यात ताक राहिलं तर ते कळकायचं. हिरवट, तोंडात घेववत नसे. ताकात दोष नाही, ताक आंबटच असणार. भांड्याची कल्हई उडालेली. सांजवातताईंच्या डॉक्टरांचं वाक्य हेच आहे. आपण गेली पन्नास वर्षं ताकालाच शिव्या देतोय.

ॲस्पिरिनची एक खोडी सांगतो. ॲस्पिरिन हे स्वतः एक सौम्य आम्ल. पोटातल्या तीव्र आम्लात त्याच्यावर विद्युतभार नसतो, त्यामुळे ते पेशीच्या स्निग्ध आवरणातून सहज आत शिरतं. आत पीएच सात. तिथे त्याचा हायड्रोजन सुटतो, भार येतो, आणि आता त्याला त्या स्निग्ध आवरणातून परत बाहेर पडता येत नाही. उंदराच्या पिंजऱ्यासारखं, आत जायला दार आहे, यायला नाही. पेशीत ते साठत जातं.

निमूटपणे

मास्तर, दाखला झकास, पण कल्हई एकदा लावली की वर्षभर जागची हलत नाही. इथे तर रोज उडते, रोज लागते म्हणताय. मला फणस कापताना हाताला लावलेलं तेल जास्त पटतं. कापता कापता चार वेळा परत लावावं लागतं, आणि विसरलात की चीक बसलाच.

रसायनवाला

मान्य. कोकणातला असून फणस सुचला नाही, गुण कापा.

खवय्या_रांगडा

हाताने बघायचं असेल तर वजडी आणा. (शाकाहारी मंडळींनी पुढचा प्रतिसाद गाठावा.) बोकडाची वजडी गरम पाणी आणि चुना लावून खरवडताना हात सटकत राहतो, तो बुळबुळीतपणा तीन पाण्यांतही जात नाही. माझी बायको म्हणते वजडी धुणं म्हणजे साबण धुण्यासारखं आहे. तेच का ते अस्तर?

अर्धशिशी_डॉक्टर

अर्धं बरोबर. बोकडाच्या पोटाला चार कप्पे. टॉवेलसारखी खरबरीत वजडी असते तो पहिला मोठा कप्पा, तिथे चारा आंबतो, आम्लाच्या ग्रंथी नाहीत. आपल्या जठराशी नातं फक्त चौथ्याचं. त्याचं अस्तर गुळगुळीत, घड्या पडलेलं, आणि खरा श्लेष्म तिथे. पुढच्या वेळी खाटकाला चौथा वेगळा मागा आणि दोन्हींवर बोट फिरवून बघा. मग खा.

जुनी_पोथी

या प्रश्नाने आधी ज्यांचं डोकं खाल्लं त्यांची हजेरी लावतो.

१७७२ साली लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी एक निबंध वाचला. डोक्यात सळईचा एकच घाव बसून जागच्या जागी मेलेला एक धडधाकट माणूस. मरण्याआधी थंड मांस, चीज, पाव आणि बिअर असं भरपेट जेवलेला. शव उघडलं तर जठराला मोठं भोक आणि जेवण पोटाच्या पोकळीत सांडलेलं. आजार काही नाही. हंटर यांचा निष्कर्ष असा की मेल्यावर जठराने स्वतःलाच पचवलं. जिवंतपणी ते होत नाही कारण जिवंत वस्तूत एक 'जीवनतत्त्व' असतं, ते पचू देत नाही.

ऐकायला सुंदर. पण पुढच्या शतकात फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लॉद बर्नार यांनी कुत्र्याच्या जठराला पाडलेल्या छिद्रातून जिवंत बेडकाचे पाय आत सोडले. बेडूक बाहेर जिवंत, पाय आत पचून गेले! म्हणजे नुसतं जिवंत असून भागत नाही. बेडकाच्या पायाकडे नसलेलं काहीतरी जठराच्या अस्तराकडे आहे. (प्रयोग क्रूर आहे, पण वाद तिथे मिटला.)

आणि माझा आवडता, अमेरिकन लष्करी डॉक्टर बोमाँट. ६ जून १८२२ला मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला जवळून बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण पोटाचं भोक जठरासकट उघडंच राहिलं. बोमाँट पुढे काही वर्षं त्या खिडकीतून आत बघत होता, दोऱ्याला मांसाचे तुकडे बांधून आत सोडत होता. त्याने लिहून ठेवलंय की निरोगी अस्तर फिकट गुलाबी, मखमलीसारखं, आणि त्यावर कायम एक अगदी पातळ, पारदर्शक, चिकट थर असतो. सेंट मार्टिन चार दिवस दारू पिऊन आला की तिथे लाल चट्टे आणि व्रण दिसत. आणि पोट दुखतंय का विचारलं तर तो म्हणे, नाही बुवा, मस्त आहे.

सांजवात, तुमच्या आईंचं 'कधी म्हणजे कधी दुखलं नाही' वाचलं तेव्हा हाच आठवला.

दुर्बीणवाली

मी एंडोस्कोपीच्या खोलीत टेक्निशियन आहे, बारा वर्षं. बोमाँटने लिहिलंय ते रोज बघते. चांगलं जठर दिव्याखाली चमकतं, ओल्या ओठांच्या आतल्या बाजूसारखं. दुखण्याच्या गोळ्या खाल्लेल्यांमध्ये खालच्या भागात जखमा, तळाला पांढरट-पिवळी साय, कधी मधोमध काळा ठिपका. आजूबाजूचं अस्तर मात्र बऱ्याचदा अगदी नॉर्मल. आणि निम्मे जण सांगतात की पोटाचा काही त्रासच नव्हता. गोळी दुखणं मारते ना, तिथलंही.

आईंचा तुकडा तपासला का? आम्ही अस्तराचा तांदळाच्या कणीपेक्षा लहान तुकडा चिमट्याने घेतो आणि पिवळ्या जेलीत टाकतो. एच. पायलोरी जंतू असला तर जेली गुलाबी होते. कधी दहा मिनिटांत, पेशंटला शुद्ध येईपर्यंत बाहेर रंग तयार.

सांजवात

हो! रिपोर्टमध्ये 'पॉझिटिव्ह' आहे आणि चौदा दिवसांच्या गोळ्यांचा गठ्ठा दिलाय, त्यात आम्ल कमी करणारीही एक आहे. मला वाटलं होतं जंतू तरी या आम्लात जगत नसतील.

अर्धशिशी_डॉक्टर

सगळ्या वैद्यकीय जगालाच तसं वाटत होतं. ऑस्ट्रेलियात पर्थमधल्या डॉ. रॉबिन वॉरन यांना १९७९पासून हे वळणदार जंतू दिसत होते. त्यांचे सहकारी बॅरी मार्शल यांनी ते प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवायचा प्रयत्न केला, दोन दिवसांत काही उगवलं नाही की बशी फेकून द्यायचे. १९८२च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा चुकून जास्त दिवस राहिल्या आणि जंतू उगवले. कुणी विश्वास ठेवेना म्हणून १९८४ मध्ये मार्शल स्वतःच ते द्रावण प्यायले. लोक सांगतात त्यांना अल्सर झाला. नाही, जठराला सूज आली, उलट्या झाल्या, तोंडाला घाण वास यायला लागला. पण मुद्दा सिद्ध झाला आणि २००५ला नोबेल आलं.

हा जंतू आम्लात राहतच नाही. युरियापासून अमोनिया बनवून स्वतःभोवती आम्ल मारतो आणि झटपट श्लेष्मात घुसतो. तुमच्याच अस्तराच्या पांघरुणाखाली, पीएच सात असलेल्या जागी तो घर करतो. दुर्बीणवालींची जेली गुलाबी होते ती त्याच अमोनियाने. आपल्याकडे निम्म्याहून जास्त प्रौढांच्या पोटात हा आहे, बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. पण जंतू, ॲस्पिरिन आणि गुडघ्याची गोळी तिघं एकत्र आले की काय होतं ते तुम्ही बघितलंत.

सरळ_प्रश्न

दोन शंका. एक, आम्ल निर्दोष आहे तर आईंना आम्ल कमी करणारी गोळी का दिली? दोन, आम्लाच्या ग्रंथी खाली आणि श्लेष्म वर. मग आम्ल त्या सोड्याच्या थरातून बाहेर येताना वाटेतच का मरत नाही?

अर्धशिशी_डॉक्टर

पहिलं सोपं. कल्हई उडालेल्या भांड्यात तोपर्यंत ताक ठेवू नये. आम्लात रक्ताची गुठळी नीट धरत नाही, धरली तर पेप्सिन ती विरघळवतं. पीएच सहाच्या वर नेला की जखमेला उसंत मिळते, पुढे अस्तर आपलं आपण भरून घेतं. ती गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची, जेवण आल्यावर पेशींतले आम्ल बाहेर ढकलणारे जे पंप सुरू होतात त्यांनाच ती बंद करू शकते. अनेक जण जेवून घेतात आणि मग म्हणतात गुण येत नाही.

दुसऱ्यासाठी मास्तर?

रसायनवाला

ही शंका विचारणाऱ्याला माझ्याकडून आवळासुपारी. यावर बॉस्टनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ आणि डॉक्टरांनी मिळून काम केलं, त्यात के. आर. भास्कर आणि रमा बन्सिल ही आपल्या ओळखीची वाटणारी नावंही आहेत. १९९२ला 'नेचर'मध्ये आलं. पातळ द्रव दाबाने दाट द्रवात सोडला तर तो सगळीकडे मिसळत नाही, बोटांसारख्या अरुंद वाटा काढत निघून जातो. पिठलं रटरटताना बघा. वाफ सगळ्या पिठल्यातून येत नाही, चार ठिकाणी फट्‌ फट्‌ करत भोकं पाडते, आणि भोक लगेच बुजतं. ग्रंथीतलं आम्ल तसंच बाहेर पडतं. बाहेर पडल्यावर आम्लामुळेच वरचा श्लेष्म आणखी घट्ट होतो, परतीची वाट बंद.

गावठी_बटाटा

मी अजून इथेच आहे. दुधाचं काय झालं? आणि ठेच्याने अल्सर होतो की नाही ते पण सांगा, घरी पैज लागलीय.

अर्धशिशी_डॉक्टर

दूध प्यायल्यावर थोडा वेळ बरं वाटतं, खरंय, ते आम्ल काही प्रमाणात शोषून घेतं. पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. तास-दीड तासाने उलट हिशेब. एके काळी अल्सरच्या पेशंटला तासातासाला दूध-साय पाजायचे, ते सोडून दिलं गेलं ते उगीच नाही.

ठेचा: पैज घरच्यांनी जिंकली की तुम्ही ते मला माहीत नाही, पण मिरचीने अल्सर होत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन अस्तरातल्या मज्जातंतूंना डिवचतं आणि तिथला रक्तपुरवठा वाढवतं. सिंगापूरमध्ये १९९५च्या सुमारास निरोगी लोकांना आधी मिरचीपूड आणि मग ॲस्पिरिन देऊन दुर्बिणीने पाहिलं, तर मिरचीवाल्यांचं अस्तर कमी खराब झालं होतं. म्हणून अल्सर असताना ठेचा खा असं मी म्हणत नाहीये! जळजळीचा त्रास असेल तर मिरची ती वाढवतेच, पण ती जळजळ बहुतेक वेळा अन्ननलिकेची. तिला हे श्लेष्माचं चिलखत नाही, म्हणून तेच आम्ल वर आलं की भाजतं.

आणि 'पित्त'. आपण तीन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो. अंगावर गांधी उठतात ती ॲलर्जी. उलटीत हिरवं-पिवळं पडतं ते यकृतात बनलेलं खरं पित्त. आणि छातीत जळतं ते जठरातलं आम्ल. कोकम सरबत तिन्हींवर पाजलं जातं. कोकम चवीला उत्तम, मीही पितो.

निमूटपणे

भाजलेल्या पेशंटना अल्सर होतो म्हणतात, तो कसा? ते तर गोळ्या खात नाहीत.

अर्धशिशी_डॉक्टर

मोठं भाजणं, शॉक (विजेचा नव्हे, रक्तदाब कोसळण्याचा), आयसीयूत व्हेंटिलेटर. शरीर मेंदू-हृदयाकडे रक्त वळवतं आणि पोटाचं तोडतं. रक्त नाही म्हणजे बायकार्बोनेट नाही, झिरपलेलं आम्ल वाहून न्यायला कुणी नाही, नवीन पेशी नाहीत. आम्ल बऱ्याचदा कमीच झालेलं असतं, तरी अस्तर काही तासांत उघडं पडतं. १८४२ साली इंग्लंडचे शल्यविशारद कर्लिंग यांनी भाजलेल्या रुग्णांत हे नोंदवलं, त्यांच्याच नावाने ओळखतात.

सांजवात

दोन महिन्यांनी अपडेट. परवा पुन्हा दुर्बीण झाली. मोठ्या जखमेच्या जागी फक्त एक फिकट वण, छोटी कुठे होती ते शोधावं लागलं. मी मुद्दाम स्क्रीनकडे बघितलं. दुर्बीणवाली म्हणतात तसंच, ओल्या ओठाच्या आतल्या बाजूसारखं चमकत होतं. जंतू गेला की नाही याची तपासणी पुढच्या महिन्यात, आम्लाची गोळी आधी दोन आठवडे थांबवून. हृदयाच्या डॉक्टरांनी ॲस्पिरिन चालू ठेवली आहे, सोबत पोटाची गोळी कायम. गुडघ्याला पॅरासिटामॉल, शेक आणि फिजिओथेरपीवाली मुलगी, जिच्याशी आई रोज भांडते.

मेडिकलवाल्याला मी जाऊन सांगितलं की 'नेहमीची' द्यायची नाही. तो म्हणाला, "काकूंनी कालच फोन केला होता."

खवय्या_रांगडा

काकूंना दंडवत _/\_

मोरावळा

उशिरा वाचला, धागा भारी. अवांतर: आजीचं पितळेचं मोठं पातेलं आणि चार वाट्या पडून आहेत. नाशिकमध्ये कल्हईवाला अजून बसतो का कुठे?

सांजवात

आमच्या गल्लीत मागच्या वर्षीपर्यंत एक जण यायचा, भाता, कथील आणि नवसागराची पुडी घेऊन. त्या धुराने आख्खी गल्ली खोकायची. आईला विचारते, तिच्याकडे नंबर असेल.